निष्क्रिय म्हणजे काय? रोध, धारित्र आणि कॉइल

मागच्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘सर, तुमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, मग पुढच्या वेळी इलेक्ट्रॉनिक्स कशाला?’ प्रश्न रास्त आहे. याची दोन कारणं आहेत. एक कारण शब्दाचं आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात घटकांची विभागणी केलेली असते, सक्रिय घटक आणि निष्क्रिय घटक. ‘निष्क्रिय’ हा शब्द दिसला की आमच्यासारख्याचे कान टवकारतात, कारण सांख्यदर्शनात पुरुष निष्क्रिय आहे, तो काही करत नाही, नुसता पाहतो. तर मग सर्किटमधले हे निष्क्रिय घटकही नुसते पाहत बसलेले असतात की काय?

दुसरं कारण घरगुती आहे, आणि ते सांगायला आम्हाला आजही थोडी लाज वाटते. तरी ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्याच आधाराने समजावून घ्यायचं आहे.

साधारण चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे कॅमेऱ्यावर लावायचा एक फ्लॅश होता. चार पेन्सिल सेलवर चालायचा. तो उजेड देईनासा झाला. रविवारची दुपार होती, म्हणून आम्ही तो टेबलावर घेऊन उघडायला बसलो. शेजारी आमची पाच वर्षांची मुलगी खुर्चीवर गुडघे टेकून बघत होती. तिने विचारलं, ‘बाबा, बंद आहे ना?’ आम्ही म्हणालो, ‘बंद आहे. सेलसुद्धा काढलेत.’ आणि स्क्रूड्रायव्हर आत घातला. फटाका फुटावा तसा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली, स्क्रूड्रायव्हर हातातून सुटला. त्याच्या टोकाला खळगा पडला होता. नशीब असं, की त्याला प्लॅस्टिकची मूठ होती. पण त्याआधी मिनिटभर मुलीने बोट पुढे करून विचारलं होतं, ‘हा निळा डबा कसला?’ ते बोट त्या डब्याच्या तारांपासून चार इंचांवर होतं.

आता गंमत बघा. गंमत कसली, धडाच म्हणायचा. आमच्या मनात त्या वेळी दोन विधानं पक्की होती. पहिलं, कारण काढलं की कार्य थांबतं. सेल काढले, म्हणजे वीज गेली. दुसरं, चार सेल म्हणजे फार तर सहा व्होल्ट, आणि सहा व्होल्टने माणसाला काय होणार? दोन्ही विधानं ऐकायला तर्कशुद्ध, आणि त्या टेबलावर दोन्ही खोटी ठरली. का खोटी ठरली, हे कळायला तीन घटकांची ओळख करून घ्यावी लागते. रोध, म्हणजे दुकानात ज्याला रेझिस्टर म्हणतात तो. धारित्र, म्हणजे कपॅसिटर. आणि कॉइल, म्हणजे इंडक्टर. एकेकाकडे जाऊ.

पण आधी ‘निष्क्रिय’चा अर्थ. अभियंते हा शब्द हिशेबाच्या अर्थाने वापरतात. ज्या घटकात आजवर जेवढी ऊर्जा घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा त्याच्यातून कधीच बाहेर येत नाही, तो निष्क्रिय. तो ऊर्जा उधळेल, साठवेल, परत देईल, पण पदरचं काही घालणार नाही. ट्रान्झिस्टर सक्रिय का? तर तो लहान संकेताच्या बळावर मोठा संकेत उभा करू शकतो. अर्थात तोसुद्धा ऊर्जा निर्माण करत नाही, बॅटरीकडून येणाऱ्या ऊर्जेचा नळ तो कमीजास्त उघडतो. म्हणजे इथला निष्क्रिय हा सांख्यांचा साक्षी पुरुष नव्हे. आपला निष्क्रिय हा व्यवहारात पुरेपूर गुंतलेला आहे, फक्त त्याला कर्ज काढायची मुभा नाही, एवढंच.

रोध: ज्याला काल आठवत नाही

रोधाचं काम सांगायला सोपं. विद्युतधारेच्या वाटेत अडथळा करायचा. गेओर्ग ओहम हा जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिकवणारा शिक्षक. त्याने तारांवर प्रयोग केले आणि १८२७ साली पुस्तक प्रसिद्ध केलं. तारेच्या दोन टोकांमधलं विभवांतर दुप्पट केलं तर धारा दुप्पट होते, एवढं साधं त्याचं म्हणणं. त्याच्या देशात या पुस्तकाचं स्वागत थंडपणे झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिलं ते १८४१ साली, म्हणजे चौदा वर्षांनी. आज शाळेतली मुलं जो नियम एका ओळीत पाठ करतात, त्याला मान्यता मिळायला एवढा काळ लागला.

एक छोटं गणित करू. तुमच्याकडे मोबाइलचा पाच व्होल्टचा चार्जर आहे, आणि त्यावर एक छोटा लाल एलईडी लावायचा आहे. लाल एलईडी पेटताना स्वतःवर साधारण दोन व्होल्ट घेतो. त्याच्यातून दहा मिलिअँपिअर धारा पुरे. सरळ जोडला तर काय होईल? एलईडीला स्वतःला आवर घालता येत नाही, तो जास्त धारा ओढून घेईल आणि जळेल. म्हणून मध्ये रोध. पाचातून दोन गेले, उरले तीन व्होल्ट. तीन व्होल्टला दहा मिलिअँपिअरने भागा, आले ३०० ओहम.

दुकानात जाऊन ३०० मागितलेत तर दुकानदार बहुधा ३३० देईल. आणि तो फसवत नाही बरं का. रोधांच्या किमती ठरलेल्या पायऱ्यांच्या असतात: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२, आणि मग पुन्हा शंभरपासून तेच. अंक असे विचित्र का? कारण ही पायरी ठरवताना असं गृहीत धरलं होतं की कारखान्यात बनलेला रोध दहा टक्के इकडेतिकडे असणारच. २७ चा रोध दहा टक्के जास्त भरला तर २९.७, आणि ३३ चा दहा टक्के कमी भरला तर तोही २९.७. म्हणजे एकाची हद्द संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते, मध्ये बांध नाही की मोकळी जमीन नाही. आम्हाला ही मांडणी फार आवडते. वस्तू नेमकी असणार नाही हे आधी मान्य करायचं, आणि त्या चुकीच्या मापावरच व्यवस्था उभी करायची.

रोधावर रंगाचे पट्टे असतात, ते त्याचं नाव. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. चार पट्टे असतील तर पहिले दोन आकडे, तिसरा पट्टा पुढे किती शून्यं, आणि चौथा चुकीचं माप. नारिंगी, नारिंगी, तपकिरी म्हणजे तीन, तीन आणि पुढे एक शून्य, ३३०. चौथा सोनेरी असेल तर पाच टक्के इकडेतिकडे.

अडवलेल्या ऊर्जेचं होतं काय? उष्णता. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना पंख्याचा जुना रेग्युलेटर आठवत असेल, भिंतीवरचा जाडजूड चौकोनी डबा, गोल मुठीचा. पंखा हळू ठेवला की तो डबा तापायचा. आत तारेचा रोध होता. पंख्याला न दिलेल्या विजेचा एक भाग तो खोलीलाच उष्णता म्हणून द्यायचा, तोही उन्हाळ्यात. पंखा हळू केला म्हणून वीज त्या प्रमाणात वाचली असं होत नसे.

आणि रोधाचा स्वभाव लक्षात ठेवा. त्याला भूतकाळ नाही. आत्ता विभवांतर आहे तर आत्ता धारा आहे. विभवांतर गेलं, त्याच क्षणी धारा गेली. आमचं पहिलं विधान, कारण काढलं की कार्य थांबतं, हे रोधाच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे. चूक अशी झाली की सगळं सर्किट रोधांचंच बनलंय असं आम्ही धरून चाललो.

धारित्र: बंद असूनही भरलेलं

आता त्या निळ्या डब्याकडे येऊ. धारित्राची रचना फार साधी. दोन धातूचे पत्रे, आणि त्यांच्यामध्ये वीज न वाहू देणारं काहीतरी: हवा, कागद, प्लॅस्टिक, अभ्रक, काच. मध्ये अडसर असल्यामुळे धारा आरपार जात नाही. पण एका पत्र्यावर ऋण भार जमतो, दुसऱ्यावर तेवढाच धन भार. ते एकमेकांना ओढून धरतात आणि तिथेच बसून राहतात. बॅटरी काढली तरी बसून राहतात.

हे माणसाला कळलं तेही धक्का खाऊनच. १७४५ साली पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट, आणि १७४६ च्या सुरुवातीला हॉलंडमधल्या लायडन गावी प्राध्यापक मुशेनब्रुक, दोघांनी एकमेकांना न कळत पाण्याच्या काचपात्रात वीज साठवली. हातात धरलेलं काचपात्र, आत पाणी, पाण्यात तार. हात हा एक पत्रा, पाणी हा दुसरा, मध्ये काच. दुसऱ्या हाताने तारेला स्पर्श केला आणि मुशेनब्रुकला असा तडाखा बसला, की फ्रान्सचं राज्य दिलं तरी पुन्हा हे करणार नाही अशा अर्थाचं त्याने पॅरिसला रेओम्यूरला कळवलं. लोकांनी मात्र तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला. फ्रान्समध्ये आबे नोले याने राजासमोर १८० शिपायांना हात धरून उभं केलं आणि त्या साखळीतून अशी बरणी रिती केली. सगळे एकदम उडाले म्हणतात. पुढे व्होल्टाने अशा साधनाला ‘कंडेन्सर’ या अर्थाचं नाव दिलं. आपल्याकडे इलेक्ट्रिकच्या दुकानात पंख्याचा कपॅसिटर मागायला गेलात तर दुकानदार आजही विचारतो, ‘कंडेन्सर का?’ तो शब्द तिथून आलेला आहे.

धारित्र किती भार धरतं ते फॅरड या एककात मोजतात. फॅरड फार मोठं पडतं, म्हणून मायक्रोफॅरड, म्हणजे त्याचा दहा लाखांवा भाग. छताच्या पंख्यात साधारण अडीच मायक्रोफॅरडचं धारित्र असतं. पंख्याच्या मोटरीत दोन गुंडाळ्या असतात, त्यातल्या एकीची धारा हे धारित्र थोडी पुढे सरकवतं, आणि त्या पुढेमागे होण्यामुळे पंख्याला फिरायची दिशा मिळते. पंखा हळू पडला, किंवा हाताने ढकलल्याशिवाय सुरूच होईना, की पुष्कळदा दोष या छोट्या डब्याचा असतो. पंखा भंगारात काढायच्या आधी एवढं बघून घ्या, वायरमनकडून.

आता फ्लॅशचं गणित. समजा आतलं धारित्र ५०० मायक्रोफॅरडचं आहे आणि ते ३०० व्होल्टपर्यंत भरलंय. साठलेली ऊर्जा काढायची रीत अशी: धारकता गुणिले व्होल्टचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येतं साडेबावीस ज्यूल. म्हणजे एक किलोचं वजन सव्वादोन मीटर उचलायला लागेल एवढी. ऐकायला फार नाही. पण ती किती वेळात बाहेर येते ते बघा. सेलकडून ती ऊर्जा भरायला समजा पाच सेकंद लागले, तर भरण्याचा वेग साडेचार वॅट. छोट्या दिव्याएवढा. तीच ऊर्जा सेकंदाच्या हजाराव्या भागात बाहेर पडली तर तो वेग होतो साडेबावीस हजार वॅट. सेलना हे जन्मात जमलं नसतं. सावकाश गोळा करायचं आणि एकदम द्यायचं, हे धारित्राचं काम. पाण्याच्या टाकीला बारीक धारेचा नळ रात्रभर लावून ठेवायचा आणि सकाळी बादलीभर पाणी एकदम ओतायचं, तसं. आमच्या स्क्रूड्रायव्हरने ती बादली एका क्षणात उपडी केली.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. त्याच आठवड्यात आम्ही वर्गात न्यायदर्शनातला कारणविचार शिकवत होतो. घटाचं उपादान कारण माती, निमित्त कारण कुंभार. कुंभार गावाला गेला म्हणून घडा नाहीसा होत नाही. हे फळ्यावर लिहून झालं होतं, मुलांनी उतरवून घेतलं होतं. आणि रविवारी आम्ही सेल काढून निश्चिंत बसलो! सेल हे त्या साठ्याचं निमित्त कारण होतं. कुंभार काढून टाकला, घडा भरलेला राहिला. शिकवलेलं आणि कळलेलं यांत किती अंतर असतं ते त्या खळगा पडलेल्या टोकाने आम्हाला दाखवलं.

मग भरलेलं धारित्र रितं कसं होतं? रोधातून. इथे दोघांची जोडी जमते. धारकतेला रोधाने गुणलं की एक काळ मिळतो. १०० मायक्रोफॅरड आणि एक लाख ओहम, म्हणजे दहा सेकंद. दर दहा सेकंदांनी विभवांतर आधीच्या ३७ टक्क्यांवर येतं. पन्नास सेकंदांनी एक टक्काही उरत नाही. चांगल्या उपकरणात मोठ्या धारित्राला असा रोध कायमचा जोडून ठेवतात, की बंद केल्यावर ते आपोआप रितं व्हावं. पण तो रोधच जळालेला असेल तर? बाहेरून काही कळत नाही. उपकरण बंद आहे, प्लग काढलाय, आणि आत तीनशे व्होल्ट शांत बसलेत.

म्हणून तीन गोष्टी नीट ऐका. पहिली, फ्लॅश, मायक्रोवेव्ह, जुना टीव्ही, संगणकाचा पॉवर सप्लाय, इन्व्हर्टर, या वस्तू माहिती नसताना उघडू नयेत. मायक्रोवेव्हमधलं धारित्र तर हजारो व्होल्टांचं असतं, ते जीव घेऊ शकतं. दुसरी, ज्यांना काम येतं त्यांनीसुद्धा स्क्रूड्रायव्हरने धारित्र ‘मारायचं’ नाही. योग्य वॅटचा रोध इन्सुलेशन असलेल्या पकडीने लावून सावकाश रितं करायचं आणि मीटर लावून खात्री करायची. तिसरी, एकदा रितं केल्यावर काही वेळाने मीटर पुन्हा लावायचा. कारण काही धारित्रांत रितं केल्यानंतरही थोडं विभवांतर आपोआप परत वर येतं. मधल्या पदार्थात मुरलेला भार हळूहळू बाहेर येतो.

कॉइल: जिला बदल सोसत नाही

आता आमचं दुसरं विधान. सहा व्होल्टने काय होणार? सहाचे तीनशे कुणी केले?

हे काम कॉइलचं. कॉइल म्हणजे तारेची गुंडाळी, बस. पण तारेतून धारा गेली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि गुंडाळी केली की ते एकवटतं. १८३१ मध्ये मायकेल फॅरडेने दाखवलं, की चुंबकीय क्षेत्र बदललं तरच तारेत वीज उत्पन्न होते. नुसतं असून चालत नाही, बदलावं लागतं. त्याच सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्री याच वाटेवर होता. गुंडाळीची स्वतःचीच धारा बदलली तरी तिच्यात त्या बदलाला विरोध करणारं विभवांतर निर्माण होतं, हे त्याने मांडलं. कॉइलचं एकक म्हणून ‘हेन्री’.

कॉइलचा स्वभाव कसा, तर वाहत्या धारेला तिचा आक्षेप नाही, बदलाला आक्षेप आहे. धारा नव्हती आणि वाढवायला गेलात, तर ती मागे ओढते. धारा चालू आहे आणि तोडायला गेलात, तर ती चालू ठेवण्यासाठी हवं तेवढं विभवांतर उभं करते. घरातली जुनी ट्यूबलाइट आठवा. स्टार्टर टकटक करायचा. स्टार्टरने धारा एकदम तोडली, की चोक, म्हणजे एक कॉइलच, कितीतरी शे व्होल्टचा झटका द्यायचा आणि ट्यूब पेटायची. एकदा पेटली की तोच चोक धारेला आवर घालायचा, आणि रोधापेक्षा कितीतरी कमी तापून. स्कूटरच्या इग्निशन कॉइलचं तत्त्वही हेच: तोडलेल्या धारेतून प्लगला हजारो व्होल्टची ठिणगी.

फ्लॅशमध्ये एका गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात, थोड्या वेढ्यांची एक, पुष्कळ वेढ्यांची दुसरी. पण सेलची धारा एकसारखी, तिच्यात बदल नाही, आणि बदल नाही तर दुसऱ्या गुंडाळीत काही येणार नाही. म्हणून एक ट्रान्झिस्टर ती धारा सेकंदाला हजारो वेळा जोडतो आणि तोडतो. फ्लॅशचं बटण दाबल्यावर जी बारीक शिट्टी ऐकू यायची, ती याचीच. त्या जोडतोडीतून सहाचे तीनशे होतात, आणि ते धारित्रात भरले जातात. ऊर्जा वाढली का? नाही. विभवांतर वाढलं, त्या मानाने धारा कमी झाली. हिशेब चोख आहे. निष्क्रिय घटक पदरचं काही घालत नाही, हे आपण म्हणालोच होतो.

तीन स्वभाव

वैशेषिक दर्शनात ‘संस्कार’ नावाचा एक गुण सांगितलाय. त्याचे तीन प्रकार: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. सुटलेला बाण धनुष्यापासून दूर गेल्यावरही पुढे जात राहतो, तो वेग. वाकवलेली फांदी सोडल्यावर पूर्ववत होते, तो स्थितिस्थापक. आणि अनुभव सरल्यावर स्मरण राहतं, ती भावना, पण ती आत्म्याच्या ठिकाणी, वस्तूत नव्हे. कारण दूर झाल्यावरही मागे काय उरतं, हाच या तिन्ही प्रकारांमागचा प्रश्न आहे.

आता बघा. अभियंते शिकवताना सांगतात, की कॉइल जड वस्तूसारखी वागते, चालू गती सोडत नाही. धारित्र स्प्रिंगसारखं वागतं, दाबून ठेवलं की ऊर्जा धरून बसतं. रोध हा घर्षणासारखा. म्हणजे कॉइलजवळ वेग आहे, धारित्राजवळ स्थितिस्थापक आहे, रोधाजवळ संस्कारच नाही. कॉइलमधली धारा एका क्षणात उडी मारू शकत नाही, धारित्रावरचं विभवांतर एका क्षणात उडी मारू शकत नाही. रोधाचं दोन्ही उडी मारू शकतं.

एक सावधगिरी. यावरून कुणी असं म्हणू नये की आपल्या पूर्वजांना इलेक्ट्रॉनिक्स ठाऊक होतं. त्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि असण्याची गरजही नाही. त्यांनी बाण आणि फांदी नीट पाहिली आणि एक चांगला प्रश्न विचारला. तो प्रश्न आज आपल्याला तारेकडे पाहायलाही उपयोगी पडतो, एवढंच आमचं म्हणणं आहे.

स्प्रिंगला जड वस्तू टांगली की ती वरखाली झुलते. तसंच धारित्र आणि कॉइल जोडली की ऊर्जा एकाकडून दुसरीकडे झुलत राहते. झोपाळ्याला जसा स्वतःचा ठेका असतो तसा या जोडीलाही. १०० पिकोफॅरड आणि २५० मायक्रोहेन्री घेतले तर सेकंदाला सुमारे दहा लाख झोके, म्हणजे १००० किलोहर्ट्झ, मीडियम वेव्हच्या बरोबर मध्ये. रेडिओची मूठ फिरवली की आत धारित्राच्या पाती सरकायच्या, ठेका बदलायचा, आणि हवेतल्या अनेक केंद्रांपैकी त्या ठेक्याचं एकच केंद्र ऐकू यायचं. रोध तिथेही हजर असतो, तारेचा स्वतःचा. तो झोका हळूहळू थांबवतो.

एक प्रश्न आलाय, वाचतो. ‘डायोड सक्रिय की निष्क्रिय?’ चांगला प्रश्न. पुस्तकांत दोन्ही उत्तरं सापडतील. ऊर्जेच्या हिशेबाने पाहिलं तर साधा डायोड पदरचं काही घालत नाही, संकेत वाढवत नाही, म्हणून निष्क्रिय. पण तो अर्धवाहकाचा बनलेला, ट्रान्झिस्टरच्या घराण्यातला, आणि ओहमचा सरळ नियम पाळत नाही, म्हणून काही लेखक त्याला सक्रिय घटकांच्या प्रकरणात बसवतात. वाद वस्तूबद्दल नाही, व्याख्येबद्दल आहे. कुणी असं विचारलं की आधी विचारा, तुमची व्याख्या कोणती?

आता समारोप. आमची मुलगी आज स्वतः आई आहे. मागे एकदा नातवाने आमच्यासमोर तिला तोच प्रश्न विचारला, चार्जर हातात घेऊन, ‘आई, बंद आहे ना?’ ती म्हणाली, ‘प्लग काढलाय. पण आत काही उरलंय का ते मला माहीत नाही, म्हणून उघडायचा नाही.’ त्या रविवारी आम्ही जे उत्तर द्यायला हवं होतं, ते हेच.

पुढच्या व्याख्यानात ट्रान्झिस्टर घेऊ. तोवर घरातला एखादा बंद पडलेला रिमोट किंवा सेलवरचं खेळणं असेल, तर त्याची आतली पट्टी बाहेरून नुसती निरखा. पट्टेवाले रोध मोजा, रंगांवरून त्यांच्या किमती वाचून बघा. काही अडलं तर चिठ्ठी पाठवा.